दुर्मीळ युद्धविमानांचे टिकणे : ‘लिबरेटर’ विमानाच्या उदाहरणावरून एक विवेचन

जुनी नाणी, ताम्रपट, दफ्तरे आणि शस्त्रे ही इतिहासाची साधने होत, हे आता कोणास पटवून द्यावे लागत नाही. कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार झालेले यंत्रही त्याच अर्थाने इतिहासाचे साधन असू शकते, हा विचार मात्र त्या मानाने नवा आहे. दुसऱ्या महायुद्धातील विमानांविषयी युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथे जे कुतूहल युद्धानंतरच्या काळात वाढीस लागले, त्यामुळे ह्या विचारास बळ मिळाले. एखाद्या विमानाचा मूळ क्रमांक निश्चित करण्यासाठी वर्षानुवर्षे कागदपत्रे चाळणाऱ्या हौशी मनुष्याची पुष्कळदा थट्टा होते. परंतु ‘एअर-ब्रिटन’ ही १९४८ साली स्थापन झालेली संस्था आणि तिच्यासारखी इतर मंडळे यांतील हौशी अभ्यासकांनी ज्या याद्या सिद्ध केल्या, त्यांवाचून आज ह्या विषयाचा अभ्यास करणे अशक्य झाले असते. त्या याद्यांमधूनच एक मोठा प्रश्न पुढे येतो. एकाच काळात, एकाच प्रकारच्या कामासाठी, प्रचंड संख्येने बनलेल्या विमानांपैकी काही जाती आज डझनावारी आढळतात, काही एकदोन नमुन्यांवर आल्या आहेत आणि काहींचा एकही संपूर्ण नमुना उरलेला नाही. हा भेद कशामुळे पडला?

प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार ‘लिबरेटर’ ह्या चार इंजिनांच्या अमेरिकन बाँबफेकी विमानाच्या आधारे करावयाचा आहे. हेच उदाहरण घेण्याचे कारण असे की, ह्या विमानाच्या टिकण्याच्या कथेतील निर्णायक भाग अमेरिकेत घडलेला नाही. तो कानपूर, बंगळूर आणि पुणे येथे घडलेला आहे.

१. संख्या आणि अवशेष

प्रथम काही आकडे पाहणे इष्ट होईल. ब्रिटिशांचे ‘स्टर्लिंग’ हे अवजड बाँबफेकी विमान सुमारे २,३७० इतक्या संख्येने बांधले गेले. आज त्याचा एकही संपूर्ण नमुना अस्तित्वात नाही. ‘व्हिटली’ ह्या विमानांची संख्या १,८०० हून अधिक होती. त्याचीही गत तीच. ‘हॅलिफॅक्स’ सहा हजारांहून अधिक बांधली गेली. पाहण्याजोगे नमुने तीनच, आणि त्यांतील एक तर निरनिराळे भाग जुळवून उभे केलेले. जर्मनांचे ‘श्टुका’ हे सूर मारून बाँब टाकणारे विमान पोलंड व फ्रान्सवरील आक्रमणात दहशतीचे प्रतीक ठरले होते. ते साडेपाच हजारांहून अधिक बनले. संपूर्ण स्वरूपात दोनच उरली, एक लंडन येथे व दुसरे शिकागो येथे.

अमेरिकन विमानांकडे पाहिल्यास विरोध अधिकच ठळक होतो. ‘बी-१७’ किंवा ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’ ह्या विमानाची एकूण संख्या १२,७३१ होती. त्यांपैकी चाळिसाहून अधिक आज कोणत्या ना कोणत्या स्वरूपात शिल्लक आहेत. ‘बी-२४’ म्हणजेच लिबरेटर १८ हजारांहून अधिक बांधले गेले. इतक्या मोठ्या संख्येने दुसरे कोणतेही अमेरिकन लष्करी विमान आजवर तयार झालेले नाही. तरीही आज त्याचे संपूर्ण वा जवळजवळ संपूर्ण नमुने जगभरात मिळून डझनभराच्या आसपासच भरतात. याचा अर्थ असा की, मूळ संख्या मोठी असली म्हणजे अवशेष मोठ्या संख्येने राहतात, हा समज टिकत नाही.

कीर्तीचीही गोष्ट तशीच आहे. ‘मेम्फिस बेल’ नावाचे बी-१७ विमान युद्धकाळातच एका माहितीपटामुळे घरोघरी ठाऊक झाले होते. त्या कीर्तीमुळे मेम्फिस शहराने १९४६ साली ते विकत घेऊन मोडीतून वाचवले, हे खरे. पण पुढे कित्येक दशके ते उघड्यावर ऊनपाऊस सोसत राहिले, त्याचे सुटे भाग लोकांनी आठवण म्हणून काढून नेले, आणि अखेर अमेरिकन हवाई दलाच्या डेटन येथील संग्रहालयाने दीर्घ परिश्रम करून २०१८ साली ते प्रदर्शनात मांडले. कीर्ती विमानास एकदा वाचवू शकते. पण रोजची देखभाल तिच्याने होत नाही.

२. विमाने नाहीशी का होतात?

युद्ध संपताच युद्धविमान ही मालमत्ता न राहता ओझे होते. त्याला मोठी जागा लागते, त्याचे इंधन महाग असते, आणि ज्या कामासाठी ते घडवले गेले ते काम संपलेले असते. १९४५ नंतर अमेरिकेत अ‍ॅरिझोनातील किंगमनसारख्या ठिकाणी हजारो विमाने ओळीने उभी करण्यात आली व थोड्याच काळात भट्टीत वितळवून त्यांच्या धातूच्या लगडी करण्यात आल्या. त्यांतील कित्येक विमाने कारखान्यातून थेट तेथे आलेली होती. अ‍ॅल्युमिनियमला मागणी होती आणि जुन्या विमानाला नव्हती, एवढाच ह्या व्यवहाराचा हिशेब होता.

जी विमाने भट्टीतून सुटतात त्यांच्यामागे रसायनशास्त्र लागते. विमानाचा पत्रा शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा नसतो. त्यात तांबे व अन्य धातू अल्प प्रमाणात मिसळून त्यास बळकटी आणलेली असते. ह्या मिश्रधातूचे सामर्थ्य ज्या तांब्यामुळे वाढते, त्याच तांब्यामुळे त्याची गंज सोसण्याची शक्ती कमी होते. शिवाय पोलादी बोल्ट, पितळी नळ्या आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हे दमट हवेत एकमेकांस लागून राहिले, की त्यांच्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह निर्माण होऊन पत्रा झिजू लागतो. खाऱ्या पाण्यात ही क्रिया फार वेगाने चालते. इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्याजवळील गुडविन सँड्स ह्या वाळूच्या पट्ट्यातून १० जून २०१३ रोजी ‘डॉर्निअर १७’ जातीचे एक जर्मन विमान वर काढण्यात आले. ह्या जातीचा अन्य संपूर्ण नमुना जगात नसल्याने त्याचे मोल मोठे होते. पत्र्यात मुरलेले क्षार बाहेर काढण्यासाठी ते कॉसफर्ड येथे बंदिस्त बोगद्यांत ठेवून त्यावर दीर्घकाळ सायट्रिक आम्लाच्या, म्हणजे लिंबात असणाऱ्या आम्लाच्या, सौम्य द्रावणाचा फवारा मारावा लागला. असे असूनही त्यास मूळचे रूप आणणे कोणी उद्दिष्ट मानले नाही. जे उरले ते स्थिर करणे हेच उद्दिष्ट होते.

३. टिकण्याच्या तीन वाटा

उरलेल्या विमानांच्या याद्या तपासल्या असता टिकण्याच्या मुख्यतः तीन वाटा दिसतात. पहिली वाट अपघाताची. नॉर्वेतील होक्लिंगन सरोवराच्या गोठलेल्या पृष्ठावर १९४२ साली एक हॅलिफॅक्स पोटावर उतरले व पुढे बर्फ वितळून तळाशी गेले. थंड, गोड्या पाण्याने त्यास तीस वर्षे सांभाळले, आणि १९७३ साली ते वर आणण्यात आले. दुसरी वाट जाणीवपूर्वक संग्रहाची. ही वाट सर्वांत सरळ वाटते; पण युद्ध संपले त्या वेळी बाजूस काढून ठेवलेली विमाने थोडीच होती, आणि जी ठेवली त्यांतीलही काही पुढे जागेच्या अभावी मोडण्यात आली.

तिसरी वाट उपयोगाची होय, आणि सर्वांत अधिक विमाने ह्याच वाटेने आपल्यापर्यंत आली आहेत. बी-१७ विमाने अधिक उरली, कारण युद्धानंतर त्यांना जंगलांतील वणवे विझवणे, भूमापनासाठी छायाचित्रे घेणे, समुद्रात सापडलेल्यांचा शोध घेणे अशी कामे मिळाली. स्पेनने जर्मन नमुन्यावरून आपल्या कारखान्यांत बांधलेली ‘मेसरश्मिट’ लढाऊ विमाने १९६५ पर्यंत वापरली. त्यांना ब्रिटिश ‘मर्लिन’ इंजिने बसवलेली होती. १९६९ साली प्रकाशित झालेल्या ‘बॅटल ऑफ ब्रिटन’ ह्या चित्रपटात जर्मन लढाऊ विमाने म्हणून जी दिसतात, ती बहुतांशी हीच स्पॅनिश विमाने. स्वित्झर्लंडच्या हवाई दलाने ‘युंकर्स ५२’ ही तीन इंजिनांची वाहतूक विमाने १९८२ सालापर्यंत नेटाने चालवली.

ह्या उदाहरणांतून एक नियम हाती लागतो. ज्या देशांनी विमान बांधले त्यांनी ते लवकर टाकले, कारण नवे घेण्याची त्यांची ऐपत होती. ज्यांस ती ऐपत नव्हती, किंवा ज्यांस नवे देण्यास कोणी तयार नव्हते, त्यांनी जुने जपले. थोडक्यात, दुर्मीळ विमानांच्या रक्षणाचे श्रेय पुष्कळ अंशी काटकसरीकडे जाते. ह्या नियमाचे सर्वांत स्पष्ट प्रत्यंतर लिबरेटरच्या भारतीय इतिहासात मिळते.

४. कानपूरचे भंगार आणि बंगळूरचे कारागीर

लिबरेटरचा पहिला नमुना २९ डिसेंबर १९३९ रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे उडाला. डेव्हिड डेव्हिस यांनी योजलेला त्याचा अरुंद व लांब पंख, सुमारे ११० फूट विस्ताराचा, हे त्याचे वैशिष्ट्य होते. अशा पंखामुळे हवेचा विरोध कमी होई व विमानास लांबचा पल्ला गाठता येई. त्याच्या बाँबकक्षाची दारे दुकानाच्या शटरप्रमाणे बाजूस गुंडाळली जात. पाच निरनिराळ्या कारखान्यांत ते बांधले गेले. त्यांतील विलो रन येथील फोर्डचा कारखाना तर मोटारींच्या पद्धतीने विमानांची मालिका तयार करीत असे. अटलांटिक महासागराच्या मध्यभागी जेथे किनाऱ्यावरील दुसरे विमान पोहोचत नसे, तेथे जर्मन पाणबुड्यांचा माग काढण्याचे काम १९४३ मध्ये ह्याच विमानाने केले. आग्नेय आशियातील युद्धात ब्रिटिश हवाई दलाने त्याचा मोठा वापर केला, आणि ही विमाने हिंदुस्थानातील तळांवर आली ती ह्या निमित्ताने.

अमेरिकेने ब्रिटनला ही विमाने १९४१ च्या ‘लेंड-लीज’ कायद्यान्वये, म्हणजे एका अर्थी उसनी, दिलेली होती. युद्ध संपताच ती परत करणे, त्यांची किंमत देणे किंवा ती निरुपयोगी करणे असे पर्याय होते. परत नेणे खर्चाचे होते, म्हणून अनेक विमाने कानपूरनजीक चकेरी येथील तळावर मोडतोड करून सोडून देण्यात आली. दोन वर्षे ती तेथे उन्हापावसात उभी होती. त्यांच्या दृष्टीने त्यांचा इतिहास संपलेला होता.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, काश्मीरात युद्ध सुरू झाले. नव्या हवाई दलाजवळ अवजड बाँबफेकी विमान एकही नव्हते आणि ते परदेशातून विकत घेण्यास पुरेसे परकीय चलनही नव्हते. अशा वेळी कानपूरच्या भंगाराकडे लक्ष गेले. बंगळूरच्या ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ह्या कारखान्याच्या कारागिरांनी तेथे जाऊन एकाचे भाग दुसऱ्यास लावत ही विमाने निदान एकदा उडू शकतील अशी केली. कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकामागून एक कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. तेथे ती संपूर्ण उलगडून नव्याने सिद्ध करण्यात आली. अशा रीतीने चाळिसाहून अधिक लिबरेटर विमाने पुन्हा सेवेत आली. मोडीत निघालेल्या, जाणूनबुजून निकामी केलेल्या आणि ज्यांचे सुटे भाग आता कोणी बनवत नव्हते अशा विमानांचे हे पुनरुज्जीवन होते. स्वतंत्र भारताच्या तंत्रविद्येच्या इतिहासात ह्या कामगिरीस जितके स्थान मिळावयास हवे तितके मिळालेले नाही.

२ नोव्हेंबर १९४८ रोजी कानपूर येथे ५ क्रमांकाचे स्क्वाड्रन लिबरेटर विमानांसह उभे राहिले. पुढे ६ क्रमांकाचे स्क्वाड्रन पुण्याजवळील लोहगावच्या तळावरून हीच विमाने अरबी समुद्रावरील टेहळणीसाठी वापरू लागले. पुणेकरांच्या एका संपूर्ण पिढीने डोक्यावरून जाणारी ही चार इंजिनांची विमाने पाहिली असतील. परंतु जगात अन्यत्र ती लोपत चालली आहेत, याची जाणीव त्या काळी फार थोड्यांस असावी. १९५० नंतरच्या दशकात बाँबफेकीचे काम ‘कॅनबेरा’ ह्या जेट विमानांकडे गेले. समुद्रावरील गस्त मात्र लिबरेटरकडे राहिली. १९६८ च्या अखेरीस भारतीय हवाई दलाने त्यांस निरोप दिला. लष्करी सेवेत लिबरेटर चालवणारे हे जगातील शेवटचे हवाई दल होते.

५. पांगलेले वारस

लिबरेटर भारतात अद्याप उडत आहे, ही वार्ता त्या सुमारास पाश्चात्त्य संग्रहालयांपर्यंत पोहोचली, आणि ज्या देशांनी ही विमाने हजारोंनी वितळवली होती त्यांनी ती भारताकडे मागावयास आरंभ केला. कॅनडाने १९६८ साली एक लिबरेटर नेले व त्याच्या बदल्यात ‘लायसँडर’ हे विमान दिले. भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनी युद्धकाळात ज्या जातीची विमाने चालवली होती, तिचा हा नमुना आज पालमच्या संग्रहालयात आहे. भारत सरकारने दिलेले दुसरे एक लिबरेटर १९६९ साली स्वतःच्या इंजिनांच्या बळावर उडत अ‍ॅरिझोनातील टूसॉन येथे गेले. ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयास १९७४ साली एक विमान भेट मिळाले. आणखी एक विमान १९८० नंतर इंग्लंडमार्गे अमेरिकेत गेले. तेथील ‘कॉलिंग्ज फाउंडेशन’ ह्या संस्थेने दीर्घ दुरुस्तीनंतर १९८९ साली ते पुन्हा उडवले. फ्लोरिडातील ‘फँटसी ऑफ फ्लाइट’ ह्या संग्रहातही भारतातून गेलेले एक आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या पालम येथील भारतीय हवाई दलाच्या संग्रहालयात एचई ९२४ ह्या क्रमांकाचे लिबरेटर ठेवलेले आहे.

ह्या सहांची बेरीज पूर्वी दिलेल्या आकड्याशी ताडून पाहावी. जगात जी डझनभर लिबरेटर विमाने उरली आहेत, त्यांपैकी जवळजवळ निम्मी कानपूरच्या भंगारातून उठलेली आहेत. बंगळूरच्या कारागिरांनी ती संग्रहासाठी दुरुस्त केली नव्हती; देशाला विमानांची निकड होती म्हणून केली. तरीही लिबरेटरच्या रक्षणाचे इतके मोठे काम दुसऱ्या कोणत्याही एका ठिकाणी झालेले नाही.

६. रंगाखालचा इतिहास

येथून पुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. वाचलेल्या विमानाने कोणाचा इतिहास सांगावयाचा? लंडनच्या हेंडन येथील लिबरेटरचे उदाहरण घेऊ. ब्रिटिश हवाई दलात त्याचा क्रमांक केएन ७५१ होता, आणि ९९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनबरोबर ते हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर होते. भारतीय हवाई दलात तेच एचई ८०७ झाले. संग्रहालयात ते ब्रिटिश क्रमांक व रंग धारण करून उभे आहे. कॉलिंग्ज फाउंडेशनच्या विमानास अमेरिकेत गेल्यापासून निरनिराळी नावे मिळाली. २००५ पासून त्याच्यावर ‘विचक्राफ्ट’ हे नाव आहे. मूळचे ‘विचक्राफ्ट’ हे निराळे विमान होते. त्याने युरोपात १३० मोहिमा केल्या, आणि युद्धानंतर तेही इतरांप्रमाणे नाहीसे झाले. म्हणजे ज्या विमानाने मोहिमा केल्या ते उरले नाही, आणि जे उरले त्याची खरी सेवा ज्या आकाशात झाली, त्याचा उल्लेख त्याच्या अंगावर नाही.

ह्यात कोणाचा दोष काढण्याचा हेतू नाही. मृतांचे स्मरण करण्यासाठी उरलेल्या विमानास त्यांच्या विमानाचे रूप देणे, ही भावना समजण्यासारखी आहे, आणि आपणही तेच करतो. २०१८ साली भारतीय हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात दाखल झालेल्या ‘परशुराम’ ह्या डाकोटा विमानावर व्हीपी ९०५ हा क्रमांक आहे. तो २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरला सैन्य नेणाऱ्या डाकोटाच्या स्मरणार्थ दिलेला आहे, विमान मात्र ब्रिटनमध्ये दुरुस्त केलेले निराळे आहे. तथापि स्मारक आणि साधन ह्या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे अभ्यासकाने विसरता कामा नये. देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा भक्ताची सोय होते, देवस्थान जागते राहते. पण जुने शिलालेख चुन्याखाली गेले तर इतिहासाची हानी होते. विमानाच्या बाबतीत शिलालेखाच्या जागी रंगाचे थर, रिवेटांच्या रांगा, ठिगळ म्हणून बसवलेला पत्रा व त्यावरील कारखान्याचे शिक्के असतात. बंगळूरच्या कारागिराने १९४८ साली बसवलेला पत्र्याचा तुकडा मूळ नमुन्याशी जुळत नाही म्हणून काढून टाकला, तर विमान अधिक शुद्ध दिसेल. पण त्याच्या आयुष्यातील वीस वर्षांचा पुरावा त्यासरशी नष्ट होईल.

दोन हॅलिफॅक्स विमानांच्या बाबतीत ह्या दोन्ही दृष्टी स्पष्ट दिसतात. होक्लिंगन सरोवरातून आलेले विमान हेंडन येथे बहुतांशी सापडले त्याच अवस्थेत ठेवले आहे. त्याचा मोडलेला देह हाच त्याचा लेख आहे. नॉर्वेतील म्योसा सरोवरातून १९९५ साली काढलेले दुसरे हॅलिफॅक्स कॅनडातील ट्रेंटन येथे नव्याप्रमाणे सिद्ध करण्यात आले. दुसऱ्यावरून विमान कसे होते ते कळते. पहिल्यावरून त्याचे काय झाले ते कळते. दोन्ही ज्ञान आवश्यक आहे. जेथे एकच नमुना शिल्लक असेल, तेथे मात्र आधी तो जसा आहे तसा नोंदवून घ्यावा व मगच त्यास हात लावावा, हा नियम पाळणे उचित होय.

७. उडवावे की ठेवावे?

जुनी विमाने उडत राहावीत की नाहीत, हा ह्या क्षेत्रातील सर्वांत तीव्र वाद आहे. उडवणाऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, विमानाचा अर्थ उड्डाणात आहे. ते उडत राहिले तरच त्याची इंजिने चालवण्याची, नियंत्रक तारा ताणण्याची व चुका ओळखण्याची विद्या हस्तांतरित होते, आणि प्रेक्षकांच्या वर्गणीतून खर्चही भागतो. लिबरेटर भारतात उपयोगामुळेच टिकले, हे पाहता ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. ४ ऑगस्ट २०१८ रोजी स्वित्झर्लंडमध्ये एक युंकर्स ५२ कोसळून त्यातील २० जणांचा अंत झाला. ज्या स्विस विमानांचा वर गौरवाने उल्लेख केला त्यांतीलच ते एक होते. २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेत कनेटिकट राज्यात एक बी-१७ उतरताना नष्ट झाले व ७ जण मरण पावले. १२ नोव्हेंबर २०२२ रोजी डॅलस येथील प्रात्यक्षिकात एक बी-१७ व एक ‘किंगकोब्रा’ लढाऊ विमान हवेत आदळली. ६ जणांचे प्राण गेले, आणि दोन दुर्मीळ विमाने काही क्षणांत संपली. धातूची झीज डोळ्यांस दिसत नाही, आणि आता तीस-चाळीस वर्षांच्या सेवेचा प्रश्न राहिलेला नसून ऐंशी वर्षांच्या वयाचा आहे.

उपयोगाने विमान टिकते हा नियम वर सांगितला. त्याची मर्यादा येथे दिसते. १९४८ सालचा उपयोग व आजचा उपयोग यांत मूलभूत अंतर आहे. त्या वेळी एक विमान गेले तर चाळीस उरत होती. एकाच्या भागांनी दुसरे चालत होते. आज एक गेले तर जातीचा मोठा हिस्सा जातो. यास्तव ज्या जातीचे पुष्कळ नमुने उरले आहेत, त्यांतील काही योग्य देखरेखीखाली उडवणे समर्थनीय ठरेल. ज्यांचे नमुने बोटांवर मोजण्याइतके आहेत, त्यांस जमिनीवर ठेवणे हेच विवेकाचे होय. उड्डाणाची विद्या जपण्यासाठी चलच्चित्रे, ध्वनिमुद्रणे व इंजिन जमिनीवर चालवण्याचे प्रयोग ही साधने उपलब्ध आहेत. गेलेल्या माणसांना आणि वितळलेल्या धातूला परत आणण्याचे साधन नाही.

८. समारोप

एकूण विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. दुर्मीळ विमान टिकते ते संख्येमुळे किंवा कीर्तीमुळे क्वचितच. बहुधा ते दीर्घ उपयोगामुळे टिकते, आणि असा उपयोग साधनांची टंचाई असलेल्या देशांत अधिक होतो. अशा देशांतील कारागीर हे ह्या वारशाचे खरे रक्षक होत, जरी संग्रहालयांच्या भिंतींवर त्यांची नावे बहुधा आढळत नाहीत. विमानाचे जतन म्हणजे त्याच्या एखाद्या गौरवशाली दिवसाचे चित्र रंगवणे एवढेच नसून त्याच्या संपूर्ण आयुष्याची नोंद राखणे होय.

महाराष्ट्रातील अभ्यासकांस ह्या विषयात करण्यासारखे काम आहे. लिबरेटरचे सांगाडे जगभर पांगले असले, तरी त्यांच्या भारतीय सेवेचे अन्य पुरावे येथील घरांतून असण्याचा संभव आहे: लोहगावला काम केलेल्या वैमानिकांची व तंत्रज्ञांची उड्डाणपुस्तके, दुरुस्तीच्या वह्या, स्क्वाड्रनची छायाचित्रे, क्वचित एखादे हत्यार किंवा उपकरण. ज्यांनी ही विमाने प्रत्यक्ष हाताळली ती पिढी आता वयोवृद्ध झाली आहे, आणि तिच्या मागे राहिलेले कागद रद्दीत जाण्यास एक घरबदल पुरेसा होतो. असे साहित्य ज्यांच्याकडे असेल त्यांनी ते जपावे, त्यावरील क्रमांक व तारखा उतरवून ठेवाव्यात आणि अभ्यासकांस दाखवावे. एचई ह्या अक्षरांनी सुरू होणारा एखादा क्रमांक अशा वहीत आढळला, तर सातासमुद्रापार दुसऱ्याच नावाने उभ्या असलेल्या एखाद्या विमानाची हरवलेली वर्षे त्यावरून भरून काढता येतील.